पुढची जागा म्हशीची

आमच्या प्रार्थनेत सगळ्यांत पुढची जागा म्हशीची असते. तिच्यामागे पाळकसाहेब, त्यांच्यामागे आम्ही. नवा माणूस आला की गोंधळतो, कारण डोळे मिटून मान खाली घातली तरी समोरचं रवंथ काही थांबत नाही.

ही मांडणी नवसूबाबाची. जामसरच्या अलीकडे एका पाड्यावर त्याचा गोठा आहे आणि आमची मूठभर ख्रिस्ती मंडळी दर रविवारी तिथेच उपासनेला जमते. मी मूळचा नगरकडचा, जव्हारच्या शाळेत मास्तर. आमच्याकडच्या चर्चला घंटा आहे, बाकं आहेत, बाकांना पॉलिश आहे. त्या सवयीने पहिल्या रविवारी मी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आलो. म्हशीच्या शेपटीने त्याचं काय केलं ते सांगत नाही. मी फक्त एवढंच म्हटलं, "बाबा, तासभर हिला बाहेर बांधलं तर?"

"मास्तर, घर तिचं हाय. आपून पाव्हणं," नवसूबाबा म्हणाला. "प्रभू जन्मला तवा लॉजवाल्यानं नाय म्हटलं. जागा दिली ती ढोरांनी. तो लॉजवाला तुझ्यासारखाच इस्तरीचा आसंल."

त्याच्या बोलीत सगळ्यांनाच 'तू'. देवालाही, तहसीलदारालाही. "देव ल्हानाकडं पयला येतो," हे त्याचं एकच तत्त्वज्ञान आणि ते तो कोणाचीही भीडभाड न ठेवता अमलात आणतो. चहा आधी शेंबड्या पोरांना, मग बायांना, मग आम्हाला. पाळकसाहेबांपर्यंत पातेलं पोचतं तेव्हा त्यात चहाची पूड उरलेली असते. एकदा मुंबईहून सुटाबुटातले एक वडीलधारे पाहुणे आले. गोठ्यातली एकुलती एक प्लास्टिकची खुर्ची नवसूबाबाने त्यांच्या बुडाखालून काढून घेतली आणि लाकडाची मोळी उतरवून आलेल्या काशीबाईला दिली. पाहुण्यांना म्हणाला, "तू मोठा हायस. उभ्यानं पन ऐकशील."

दुसऱ्या एका रविवारी ऐन प्रवचनात कोंबडी अंड्याला बसली. नवसूबाबाने हात वर करून पाळकसाहेबांना थांबवलं. "तिचं आधी होऊ दे." कोंबडीने घाई केली नाही. आम्ही सगळे तिच्याकडे बघत बसलो. ईश्वरविज्ञानाची पदवी घेतलेले पाळकसाहेबही बघत बसले.

अशा पाळकसाहेबांनी बरीच खटपट करून मोखाड्याच्या रस्त्याला हॉल उभा केला, तर त्यांना दोष कसा द्यायचा? वर पत्रा, खाली गुळगुळीत फरशी, पंखे. मला तर आनंदाचं भरतं आलं. फक्त नवसूबाबाने एक प्रश्न विचारला, "ढोर कुठं बसंल?"

या प्रश्नावर मंडळीची सभा झाली. म्हैस खिडकीबाहेर बांधावी अशी सूचना आली. "तिला ऐकू येल का?" नवसूबाबाने विचारलं. पाळकसाहेब जरा चढ्या आवाजात म्हणाले, की म्हशीला प्रवचनाची गरज नसते.

"मंग ती गप बसून ऐकते कशाला?" नवसूबाबा म्हणाला. "मास्तर जांभया देतो. तिनं कवा दिली?"

उद्घाटनाच्या रविवारी तो तिला घेऊनच आला. शिंगांना तेल लावलं होतं. म्हशीने फरशीवर एक खूर ठेवला, तो सरकला, तसा तिने मागे घेतला आणि ती सरळ दारातच बसली. आतले आत, बाहेरचे बाहेर. पाळकसाहेब आत अडकले होते, फीत कापायची कात्री बाहेर माझ्या हातात होती. कोणी शेपूट पिरगाळली, कोणी पेंढा दाखवला. ती तिच्या मर्जीने उठली तेव्हा जेवणाची वेळ झाली होती.

"पुढच्या वेळी एकटे या, बाबा," पाळकसाहेब दात आवळून म्हणाले.

पुढच्या रविवारी नवसूबाबा आलाच नाही. "मास्तर, तुम्ही जाऊन घेऊन या," पाळकसाहेब म्हणाले, "आम्ही थांबतो." म्हातारा हट्टाला पेटलाय, त्याला चार शब्द सुनावायचे, असं मनाशी घोकतच मी पाड्यावर पोचलो.

गोठा नुकताच सारवलेला होता. सगळ्या चटया अंथरलेल्या होत्या. पाण्याची कळशी भरलेली, शेजारी पेले पालथे घातलेले. नवसूबाबा दाराशी रस्त्याकडे तोंड करून बसला होता. मला पाहून तो घाईघाईने उठला आणि पेल्यात पाणी ओतू लागला.

"हॉल चांगला हाय, मास्तर," तो म्हणाला. "मी वंगाळ नाय बोलत. पन म्हातारी गेली. पोरगा भिवंडीला, तो येत नाय. आठवडाभर मी या ढोराशीच बोलतो. रयवारी एवढी मान्सं माझ्या घरी येतात. देवाचं ते खरंच हाय रे, पन मना मान्सं पायजेत."

सुनावायचे चार शब्द सोडून मी पेला हातात घेतला. इतके रविवार मी या माणसाला नुसता विक्षिप्त समजत होतो, याचं फार वाईट वाटलं. मी चटईवर बसलो.

थोड्या वेळाने मला शोधायला काशीबाई आली. तिने चटयांकडे पाहिलं, नवसूबाबाकडे पाहिलं आणि तीही बसली. तिला बोलवायला तिचा नवरा आला, तो बसला. त्याच्यामागून आणखी दोघं आली. हॉलमधून जो निरोप्या निघे तो परत म्हणून जात नव्हता. शेवटी चपला हातात धरून, घामाघूम झालेले पाळकसाहेब स्वतः येऊन दारात उभे राहिले. रागाने ते आत डोकावले, तर आम्ही सगळे असे बसलेले. मग काशीबाईच्या नवऱ्याला जरा सरकायला सांगून ते चटईच्या कडेला टेकले.

पेंढा आणतो असं पुटपुटत नवसूबाबा गंजीच्या आड गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. तिकडून दाबून धरलेला हुंदका ऐकू आला. पाळकसाहेब उठायला लागले तसा काशीबाईने हातानेच त्यांना खाली बसवलं.

"गाणं घे, मास्तर," ती हळूच म्हणाली. "मोठ्यानं घे."

मी गाणं उचललं, आणि सगळ्यांनी जमेल तितका आवाज चढवला, त्याला निवांत रडता यावं म्हणून.