लाडूचा कान आणि हसुराम नाना

हसुराम नाना कुत्र्यांचे कान हुंगतात. वाक्य लिहिताना माझी गफलत झालेली नाही. कुत्री माणसांना हुंगतात हे मलाही माहीत आहे, पण कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीत ते काम नाना करतात. समोरून पट्टा लावलेलं कुत्रं आलं की मालकाला नमस्कारही न करता नाना गुडघ्यावर बसतात, कुत्र्याचा कान उलटा करतात, नाक जवळ नेतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात. "चोख हाय." नाहीतर, "आंबूस येतंय. डॉक्टरला दाखव." मालक खजील होतो. कुत्रं शेपूट हलवत असतं.

नाकाची ही सवय न्हावा शेव्याची. नाना मूळचे इथल्याच बोनकोडे गावचे, पण नोकरी बंदराजवळच्या कंटेनर यार्डात. माल भिजून आला की तो कसा भिजला हे शोधायचं, हे त्यांचं काम. दार उघडलं की आधी वास घ्यायचा. मग आत शिरून दार बाहेरून लावायला सांगायचं आणि अंधारात उभं राहून पत्र्यातून उजेड कुठून येतोय ते बघायचं. जिथून उजेड येतो, तिथूनच पाणी येतं. तीस वर्षं हेच केल्यामुळे नानांना जगात एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो : "पानी शिरलं कुठून?"

छत गळत असेल तर प्रश्न ठीकच आहे. पण पाचव्या मजल्यावरच्या दोन भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं, तेव्हाही नाना मध्ये बसून म्हणाले, "भांडान ठेवा बाजूला. पानी शिरलं कुठून ता सांगा." माझी शुगर वाढली तेव्हा मलाही तेच विचारलं. मी पलंगाखालच्या आंब्याच्या पेटीचं नाव काढलं नव्हतं, तरी त्यांनी ती शोधलीच.

नानांच्या आणखी दोन गोष्टी सांगून ठेवतो. एक, ते फार मोठ्याने बोलतात. तिसऱ्या मजल्यावर "गुड मॉर्निंग" म्हणाले की खाली वॉचमन उठून उभा राहतो. दुसरी, संध्याकाळी नानींबरोबर फिरायला निघाले की ते कायम नानींच्या उजव्या हाताला चालतात. परत येताना त्या बाजूने रिक्षा अंगावर येतात, तरी जागा सोडत नाहीत. यावरून आम्ही पुष्कळ थट्टा केली आहे. सर्वांत जास्त मी.

आता लाडू. कुणीतरी फ्लॅट रिकामा करताना मागे टाकून गेलेला, तांबूस, लांब लोंबत्या कानांचा कुत्रा. गेटपाशी राहायचा, गाड्यांखाली झोपायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायांत घुटमळायचा. मग तो सारखं डोकं झटकायला लागला. कान खाजवायचा, भिंतीला घासायचा, मध्येच कळवळायचा. एका सकाळी मी प्रेमाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो मला चावला.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. इंजेक्शन घेऊन आलो आणि त्याच दुपारी नोटीस टाइप केली : 'आक्रमक कुत्र्यास आवारातून हलविणेबाबत.' खरं सांगायचं तर हात दुखत होता त्यापेक्षा अपमान जास्त झोंबत होता. ज्याला मी रोज पोळी घालत होतो, तो चारचौघांत मला चावतो म्हणजे काय! रविवारच्या मीटिंगला बहुमत माझ्याकडे होतं. लाडूला कुठेतरी लांब सोडून द्यायचं हे जवळजवळ ठरलंच होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. माइकची गरज नव्हती.

"सेक्रेटरी, कुत्रा वाईट नाय. त्याचा कान दुखतंय. तुमी दुखत्या जागेव हात ठेवलात. माजी दाढ दुखत असताना गालाव ठेवा, मी पन चावन."

सगळे हसले. मीच तेवढा गंभीर होतो.

"तीन आठवडे द्या. कान बरा झाला नाय त मी सोता त्याला इथून न्हेन. झाला त नोटीस फाडायची."

मीटिंगने तीन आठवडे दिले. मी इतिवृत्तात 'अंतिम मुदत' लिहून खाली दोन रेघा मारल्या.

पहिले तीन दिवस नानांनी लाडूला हातही लावला नाही. फक्त सुके बोंबील घेऊन त्याच्या शेजारी बसून राहिले. चौथ्या दिवशी लाडूने आपण होऊन त्यांच्या मांडीवर तोंड ठेवलं, तेव्हा नानांनी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाईंनी लाडूच्या तोंडाला पट्टी बांधली, कान उलटा केला. आत लाल भडक, तपकिरी मळ, आणि वास असा की मी दहा फुटांवर असून मागे सरकलो. नाना पुढे सरकले.

बाई म्हणाल्या, "कारणं पुष्कळ असतात. कानातले बारीक किडे, खाण्याची अ‍ॅलर्जी, गवताचं कुसळ. हा मळ मी दवाखान्यात तपासते, पण मला ही बुरशी वाटते. लोंबत्या कानात हवा जात नाही, ओल राहिली की वाढते. आणि कुणीतरी तेलही घातलंय. आधी पडदा बघू दे. फाटका असेल आणि भलतंच काही आत गेलं, तर ऐकूही जाणार नाही."

"पडदा?" नानांनी विचारलं. त्यांचा इतका हळू आवाज मी प्रथमच ऐकला.

बाईंनी नळी लावून आत बघितलं. "शाबूत आहे. दोन्हीकडचा."

"नीट बगलात ना?" नानांनी तीन वेळा विचारलं. बाईंनी तीन वेळा सांगितलं.

बुरशीच निघाली. औषध मिळालं, पण नानांचं समाधान होईना. ओल आली कुठून? दुसऱ्या दिवशी पहाटे ते पार्किंगमध्ये बादली उपडी घालून बसले. सहा वाजता गाड्या धुणारा मुन्ना आला, त्याने पाइप सोडला आणि गाडीखाली झोपलेला लाडू गाडीबरोबर धुऊन निघाला. रोजच निघत होता. नाना एवढ्याने ओरडले, "गावलं!" की सगळी ए विंग जागी झाली. त्या दिवसापासून मुन्ना आधी लाडूला उठवतो आणि मग पाइप सोडतो.

तेल कुणी घातलं हे शोधत नाना दारोदार फिरले. तिसऱ्या संध्याकाळी आमच्याकडे आले. मी म्हणालो, "नाना, निदान सेक्रेटरीच्या घरावर तरी संशय नको."

आतून बायको म्हणाली, "मीच घातलं. लसूण टाकून कोमट खोबरेल. आई आम्हा सगळ्या भावंडांच्या कानात घालायची. बिचारा खाजवत होता हो."

"कधी?" मी विचारलं.

"तो तुम्हाला चावला ना, त्याच्या आदल्या दिवशी."

आता नाना माझी सालटी काढणार म्हणून मी तयारीत राहिलो. पण ते हसलेसुद्धा नाहीत. बायकोला म्हणाले, "चांगल्या मनानं घातलंस बाय. पन आतलं बगल्याबिगर घालायचं नाय." आणि चप्पल घालून निघून गेले.

मग रोज सकाळ-संध्याकाळ कार्यक्रम सुरू झाला. बाईंनी दिलेलं धुवायचं औषध कानात सोडायचं, कानाच्या मुळाशी चोळायचं, लाडूला डोकं झटकू द्यायचं, वर आलेला मळ कापसाने टिपायचा, आणि कान सुकला की थेंब. कुणी कापसाची काडी आणून दिली तर नाना ती मोडून टाकत. "काडी मल आत ढकलते." पाचव्या दिवशी खाजवणं थांबलं. सगळे म्हणाले, झालं, आता बास करा. "वरचं सुकलं," नाना म्हणाले. "आतलं कोन बगनार?" बाईंनी चौदा दिवस सांगितले होते, म्हणजे चौदा.

मध्येच बोनकोड्यात पुतणीची हळद आली. आगरी हळद म्हणजे लग्नाहून मोठी. बेंजो ऐन रंगात असताना नाना तिथून उठले आणि डोक्यापासून पायापर्यंत पिवळे होऊन गेटवर हजर झाले. लाडू त्यांच्यावर भुंकला. "मी हाय रं!" असा आवाज आल्यावर त्याने मुकाट कान पुढे केला. थेंब घालून नाना पुन्हा नाचायला गेले. लाडूचा कान आठवडाभर पिवळा दिसत होता.

तिसऱ्या रविवारी सकाळी बाईंनी पुन्हा तपासलं. दोन्ही कान स्वच्छ. नाना मला म्हणाले, "ठेवा हात, सेक्रेटरी." मी भीतभीतच ठेवला. लाडूने डोळे मिटले आणि सगळं डोकं माझ्या हातात सोडून दिलं. मी दुसऱ्या हाताने खिशातली नोटीस काढली आणि फाडली.

संध्याकाळी पेढे घेऊन नानांकडे गेलो. नानी सोफ्यावर टीव्ही बघत होत्या. मी शेजारी बसून म्हणालो, "नानी, कशा आहात?" त्या समोर बघत राहिल्या. मी पुन्हा विचारलं.

"उजवीकडं या," नाना आतून म्हणाले. "डावा गेलाय तिचा."

मी उठून उजवीकडे बसलो. ती फिरण्यातली बाजू, तो आवाज, सगळं एकदम समजलं. मला माझ्या थट्टेची लाज वाटली.

नाना समोर येऊन बसले आणि पुन्हा तशाच हळू आवाजात सांगू लागले. "लग्नाला दोन वर्सं झालती. कान ठनकतंय म्हनाली. मी यार्डातून डबल ड्युटी करून आलतो. लसून टाकून तेल गरम केलं आनि माज्या हातानं ओतलं. पडदा आदीच फाटला होता. डॉक्टर मागनं बोलला." ते आपल्या हातांकडे बघत होते. "सगल्या जगाला इचारत फिरतंय, पानी शिरलं कुठून. माज्या घरात कुठून शिरलं ता माना ठावं हाय."

पेढ्यांचा पुडा तसाच मांडीवर राहिला.

"काय म्हनतान?" नानींनी विचारलं.

नाना उठले, मला सरकवून त्यांच्या उजव्या बाजूला बसले आणि ओरडले, "लाडूचा कान बरा झाला!"

"ओरडताव कशाला? ह्यो कान चांगला हाय," नानी म्हणाल्या. हे त्या रोजच म्हणत असाव्यात.

नानांनी आवाज खाली आणला आणि तेच वाक्य पुन्हा सांगितलं.

"आनि दुसरा?" नानींनी विचारलं.

नानांनी त्यांच्या डाव्या कानाकडे बघितलं.

"त्याचे दोनी बरे झाले," ते म्हणाले.