नानांचा उताणा प्रोजेक्टर

आमच्या अंबडच्या गल्लीतले दिगंबरनाना खिशात पेन ठेवत नाहीत, पाच मीटरचा टेप ठेवतात. लग्नाला जातानासुद्धा. माझ्या धाकट्या नणंदेच्या लग्नात त्यांनी आधी मांडव मोजला आणि मग नवरदेव. मांडव ठरल्यापेक्षा दोन फूट आखूड निघाला आणि नवरदेव सांगितल्यापेक्षा दीड इंच. "दीड इंचाचं काई न्हाई," नाना मला म्हणाले, "पन खोटं कशाला सांगावं मानसानं?" नणंदेचा संसार उत्तम चाललाय, पण जावयाचा विषय निघाला की आमच्याकडे अजून कुणीतरी दीड इंच म्हणतंच.

नाना निवृत्त मोजणीदार. सदतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या, बांधावर खुणा रोवल्या, भावाभावांच्या शिव्या खाल्ल्या. एकदा त्यांच्या सख्ख्या सासऱ्याच्या शेताची मोजणी त्यांच्याच वाट्याला आली. सासऱ्याने जावयाला पुरणपोळी घातली, धोतरजोडी दिली. नाना पोळी जेवले, धोतरजोडी परत केली आणि सासऱ्याच्या शेतातली सात हात जमीन शेजाऱ्याची आहे असा नकाशा काढून घरी आले. काकू वर्षभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. आजही भाजीत मीठ जास्त झालं आणि नानांनी तोंड वाकडं केलं, की काकू म्हणतात, "बराबर मोजूनच टाकलंय, सात हात."

"डोळा म्हंजी अफवा, टेप म्हंजी गवाह," हे नानांचं ब्रीद. अफवांवर त्यांचा बिलकुल विश्वास नाही.

तर हे नाना मागच्या वर्षी एका रविवारी सकाळी आमच्याकडे आले. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि शाळेतला प्रोजेक्टर चालू करता येणारी मी एकटीच, ही माझी गल्लीतली खरी प्रतिष्ठा. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "मॅडम, ते भिंतीवर चित्र पाडायचं यंत्र असतंय ना, ते उताणं झोपवलं तर चालतं का?"

"उताणं कशाला?"

"छतावर पाडायचंय चित्र."

मी हसले. आयुष्यभर जमीन मोजून झाली, आता वर आभाळाकडे मोर्चा वळला म्हणायचा. पण नाना हसले नाहीत. टेप बाहेर ओढत, आत सोडत बसले. टेप नुसताच आत-बाहेर करायला लागले की काहीतरी खुपतंय, हे आता मला कळतं. मग त्यांनी सांगितलं.

नानांची थोरली बहीण, सगुणाअक्का, अंबडपासून अर्ध्या तासावरच्या खेड्यात राहते. पंचाहत्तरी ओलांडलेली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. बाईमाणसाला बाग झेपत नाही असं सगळं गाव सांगत असताना तिने मोसंबीची एकशे बत्तीस झाडं लावली. दुष्काळात आजूबाजूच्यांनी बागांवर कुऱ्हाडी चालवल्या तेव्हा हिने टँकरचं पाणी तांब्या-तांब्याने घालून झाडं जगवली. त्याच बागेत पाय घसरून ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. हृदय नाजूक, म्हणून डॉक्टर ऑपरेशन करेनात. तीन महिने पाठीवर सरळ पडून राहायचं, कुशीवरसुद्धा वळायचं नाही.

"येनाराला इचारती, बाग कशी हाय? सगळे म्हंतात, झकास हाय," नाना म्हणाले. "ती म्हंती, झकास म्हंजी किती? बहीण कुनाची हाय! मी मोबाइलवर फोटो दाखवले, तर म्हंती, ह्या मोसंब्या हायेत का हरभरे? बहार उतरायला महिना राह्यला, मॅडम. माल एकदा व्यापाऱ्यानं तोडून नेला की बाग रिकामी. आजवर एक बहार तिनं डोळ्याआड जाऊ दिला न्हाई. तिला बाग दाखवायची. एकास एक."

एकास एक म्हणजे नकाशाचं प्रमाण. जन्मभर त्यांनी मोठी शेतं लहान कागदावर उतरवली. आता त्यांना मोसंबी मोसंबीएवढी हवी होती.

बजेट बारा हजार. वर एक रुपया नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही एसटीने जालन्याला गेलो. नानांच्या पिशवीत टेप, वर्तमानपत्राचं एक पान आणि एक मोसंबी. पहिल्या दुकानात खोक्यावर 'दोनशे इंच' लिहिलेलं होतं. नानांनी भिंतीवरचं चित्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलं. ब्याण्णव भरलं. दुकानदार म्हणाला, "काका, मशीन अजून मागं न्यावं लागतं." नाना मागे सरकत सरकत दुकानाबाहेर फुटपाथवर गेले आणि तिथून ओरडले, "आता रस्ता ओलांडू का?"

दुसऱ्या दुकानातल्या पोरसवद्या सेल्समनने सांगितलं, "सर, हा फोर-के सपोर्ट करतो."

"सपोर्ट करतो म्हंजी? तो सोता फोर-के हाय का?"

"म्हणजे... सपोर्ट करतो."

"मी बी कुस्तीत पैलवानाला सपोर्ट करतो," नाना म्हणाले. "म्हनून मी पैलवान झालो का?"

मला इतकं हसू आलं की शेजारच्या मिक्सरचा आधार घ्यावा लागला. पण प्रश्न बरोबर होता. हे यंत्र मोठं चित्र नुसतं स्वीकारतं, दाखवतं मात्र स्वतःच्या कुवतीएवढंच. स्वतःचे ठिपके किती, ते विचारायचं. शाळेचा प्रोजेक्टर घेताना हे मी विचारलं नव्हतं, हे मी नानांना सांगितलं नाही.

उजेडाचा प्रश्न अवघड होता. खोक्यांवर ल्युमेनचे आकडे दहा हजार, पंधरा हजार, वाट्टेल ते. ल्युमेन टेपने मोजता येईना. म्हणून नानांनी स्वतःचं माप काढलं होतं. ते यंत्रासमोर दहा फुटांवर उभे राहात, वर्तमानपत्रातली जमीन खरेदीची 'जाहीर नोटीस' यंत्राच्या उजेडात धरत आणि मोठ्याने वाचत. दुनियेत त्याहून बारीक अक्षर नाही. गट नंबर वाचता आला तर यंत्र पास. पंधरा हजार ल्युमेनवाल्या यंत्राच्या उजेडात नानांना नोटिशीचा फक्त मथळा दिसला.

आणि प्रत्येक दुकानात शेवटचा प्रश्न तोच. "उताणा झोपवला तर जीव गुदमरतो का ह्याचा?" लोक हसायचे. तिसऱ्या दुकानातला म्हातारा दुकानदार हसला नाही. त्याने तीन यंत्रं उलटी करून पाहिली. हवा बाहेर पडायची जाळी दोघांच्या पाठीला होती. उताणी झोपवली की जाळी बंद, यंत्र तापणार. तिसऱ्याला मात्र खाली फिरता पाय होता, मान वर करून ते छताकडे बघायचं आणि जाळ्या दोन्ही कुशींना मोकळ्या राहायच्या. स्वतःचे ठिपकेही पुरेसे. नोटीस वाचली, गट नंबरासकट. छतावर मोसंबीचं चित्र पाडलं, नानांनी स्टुलावर चढून पिशवीतली मोसंबी त्याच्या शेजारी धरली. "मशीन चार बोटं खाली घ्या. अजून दोन. बस्स! एकास एक!" किंमत बाराच्या थोडी वर होती. नानांनी छत कशासाठी हे सांगितल्यावर दुकानदाराने ती बारावर आणली आणि मोसंबी ठेवून घेतली.

चित्रीकरण नानांनी एकट्याने केलं. अक्का उताणी, तर आपणही उताणंच व्हायचं, म्हणजे तिला झाडाखाली पडल्यासारखं वाटेल, हा त्यांचा हिशेब. एकशे बत्तीस झाडं, प्रत्येकाखाली सत्तरीचा माणूस पाठीवर झोपून मोबाइल वर धरतोय आणि आकडा पुकारतोय. शेजारच्या शेतातले दोघं तर पाणी आणि कांदा घेऊन धावत आले, म्हातारा चक्कर येऊन पडला म्हणून. नानांनी झोपल्या झोपल्याच त्यांना गप्प राहायला सांगितलं. तो आवाजही चित्रात आलाय.

मग एका दुपारी आम्ही अक्काच्या घरी गेलो. खिडक्यांना गोधड्या टांगल्या, यंत्र पलंगाशेजारी ठेवलं, सुरू केलं, आणि नानांनी कपाळावर हात मारला. सगळी तयारी त्यांनी अंबडच्या घरातल्या सपाट स्लॅबवर केली होती. अक्काच्या घराला पन्हळी पत्रे. मोसंबीचं झाड पत्र्यांवर पापडासारखं वर-खाली झालं. ज्या घरात लहानपणापासून हजार वेळा आले, त्याचं छत मोजायला नाना विसरले होते.

"काई झालं न्हाई," पलंगावरून अक्का म्हणाली. "पेटीत ह्यांचं धोतर हाय, ते ताना वर. इतकी वर्षं नुसतंच पडून राह्यलंय, करू दे की काम."

आम्ही सुतळीने धोतर वर ताणलं. नानांनी उंची मोजली, यंत्र चार बोटं सरकवलं. आणि मग अक्काच्या डोक्यावर पानं आली. हिरवीगार, खरीखुरी, फळांनी लगडलेली, मधूनमधून ऊन चमकणारी. "एक," चित्रातले नाना म्हणाले. "दोन. तीन."

अक्काने हात तेवढा उचलला, फळ चाचपावं तसा. मग तिची जीभ सुटली. "सातव्याची वाळकी फांदी न्हाई छाटलेली. बाराव्याला पानी कमी पडून राह्यलं. कोन बघतंय पान्याचं?" एकशे बत्तीस झाडांची ती हजेरी घेत होती आणि मला शाळेत पस्तीस मुलांची नावं लक्षात राहात नाहीत. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि का कोण जाणे, माझाही. शेवटी त्या यंत्राची वायर मी जोडली होती.

एकशे अकराव्या झाडाला अक्का म्हणाली, "दिगू, थांबव."

नानांनी थांबवलं.

"हे दुबेळक्याचं, दोन फाटे फुटल्यालं झाड हाय. हे मघाशी चाळीस नंबरला येऊन गेलं. एकशे अकरावं विहिरीजवळचं. ते कुठंय?"

अंधारात टेपचा आवाज आला. कर्र बाहेर, कर्र आत.

"वाळलं का?"

"व्हय."

"मंग तू खोटी मोजनी केलीस?"

"केली."

"जन्मात पैल्यांदा?"

"पैल्यांदा," नाना म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. विहिरीजवळचं झाड रांगेत एकशे अकरावं असलं तरी अक्काने सगळ्यांत आधी लावलेलं होतं, हे त्यांनी मला परत येताना एसटीत सांगितलं.

अक्काला कुशीवर वळता येत नव्हतं. तिने नुसता हात लांब केला, नानांचं डोकं अंदाजाने शोधलं आणि त्यावर ठेवला. "येड्या, सासऱ्याला सात हात सोडले न्हाईस. अन् मला अख्खं झाड सोडलंस?"

नाना लहान मुलासारखे रडले. मी गोधडी सारखी करायच्या निमित्ताने खिडकीकडे वळले.

"आता दाखव ते," अक्का म्हणाली. "तू मोजल्याबिगर ऱ्हानार न्हाईस. मला ठाव हाय."

खरंच होतं. मोबाइलमध्ये तेही होतं, वेगळं ठेवलेलं. धोतरावर वाळक्या फांद्या आल्या आणि त्यांच्यामधून निळं आभाळ. अक्काने एकेक फांदी नजरेने मोजली.

"लय दिलं त्यानं," ती म्हणाली. "काढून टाक. तिथंच नवं लाव. खड्डा तीन बाय तीन, बराबर मोजून. अन् लावलं की मला असंच दाखव, खाली झोपून."

नानांनी डोळे पुसले. मोजणीदार जागा झाला होता. "अक्का, रोप गुडघ्याएवढं असतंय. त्याच्याखाली मी झोपू कसा?"

"मंग थांब की मोठं होईस्तोवर," अक्का म्हणाली. "मी कुठं पळून चाल्लेय?"