क्विटोची रंगीत तालीम

क्विटो शहर न पाहता त्याच्यावर अहवाल लिहिणारा बीड जिल्ह्यात मी एकटाच! आणि अहवाल असा उतरला होता की खुद्द तिथल्या माणसानं परगावी बसून वाचला असता तर त्याला घरची आठवण आली असती. विमानाची तिकिटं अजून निघायची होती, पण अहवाल मंजूर झाला होता. आमच्या दूध संघात आधी अहवाल लिहितात, मग दौरा काढतात. त्यामुळे दौऱ्यात अभ्यासाचा व्यत्यय येत नाही.

मी निवृत्त शिक्षक. उभी हयात दिवाळी अंकांतून या संघाची टिंगल केली. चेअरमन आबासाहेबांनी तिचा बंदोबस्त मोठ्या प्रेमानं केला. मला अभ्यास दौऱ्याचा अहवाल-लेखक नेमलं. मानधन काही नाही, पण विमानात खिडकीची जागा. तेव्हापासून गुरुजींच्या लेखणीची धार गेली, असं लोक म्हणतात. धार गेली, ती संघात सगळ्यांचीच गेली होती. दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं आणि दूध घालणाऱ्यांच्या निम्म्या म्हशी बाजारात विकल्या गेल्या होत्या. संकलन आटलं, तसा संचालकांना वेळ भरपूर मिळू लागला.

इस्रायलचं ठिबक पाहून झालं होतं. हॉलंडच्या गायी पाहून झाल्या होत्या. इक्वेडोर देशाची राजधानी क्विटो नऊ हजार फुटांच्याही वर आहे, हे आबासाहेबांना पुण्याच्या ट्रॅव्हलवाल्यानं सांगितलं. एवढ्या उंचावर पाणी चढवतात कसं, हे दुष्काळी भागाला कळलंच पाहिजे, असा ठराव बिनविरोध झाला. अडचण एकच निघाली. अंबाजोगाईचे डॉक्टर म्हणाले, तिकडं हवा विरळ असते, माणसाला दम लागतो. आधी थोडी चढायची सवय करा. आबासाहेब गेल्या वीस वर्षांत व्यासपीठापेक्षा उंच कशावर चढले नव्हते.

समोर बालाघाटाचा अख्खा डोंगर पडला होता. पण आबासाहेबांनी तो नामंजूर केला.

"डोंगरात निम्मं आडवंच चालावं लागतं," ते म्हणाले. "टाकी कशी, सरळ वर जाती."

व्हाइस चेअरमन सुंदररावांना ते पटलं. आबासाहेबांचं पटणं हेच त्यांचं पद आहे.

नांदूरघाटाच्या अलीकडं आमची वाडी आहे, तिथं ही पाण्याची टाकी. दोन निवडणुकांपूर्वी बांधली, उद्घाटन झालं, फक्त पाणी यायचं राहिलं. टाकीच्या सावलीत कोरडा हापसा आणि हापशाजवळ चतुराबाईंचं घर. त्यांच्या दावणीला चारांपैकी एकच म्हैस उरली होती. टँकर सुरू झाला तर ती राहणार होती, नाहीतर येत्या बाजारी तीही जाणार होती. टँकर मागायला चतुराबाई तहसिलीत इतक्या वेळा गेल्या की तिथला शिपाई त्यांना नातेवाईक समजू लागला. उत्तर मात्र दरवेळी तेच : गावात टाकी आहे, सबब टँकर देता येत नाही.

सकाळी ऊन तापायच्या आत आम्ही तिघं शिडी चढलो. पुढं आबासाहेब, मागं सुंदरराव, शेवटी मी. आबासाहेब वरून पडलेच तर सुंदररावांवर पडतील, असा माझा हिशेब होता. वर पोचल्यावर आबासाहेबांनी एकदा खाली पाहिलं, टाकीच्या घुमटाला मिठी मारली, आणि पुन्हा काही सोडली नाही.

"गुरुजी, उतरताना गुडघं पुढं करायचं का मागं?"

मी म्हटलं, मागं. ते म्हणाले, माझं दोन्हीकडं जात न्हाईत.

आणि एक गोष्ट आम्ही तिघंही साफ विसरलो होतो. आमच्या मुलखात हौसेनं टाकीवर कुणी चढत नाही. माणूस टाकीवर दिसला, म्हणजे त्याची काहीतरी मागणी असते. खुद्द चेअरमन वर आहेत म्हटल्यावर तासाभरात चार वाड्यांची माणसं गोळा झाली. हार आला. पोलीस आले. 'आबासाहेब, आगे बढो' अशा घोषणा सुरू झाल्या. टाकीवर पुढं जायला दोन फूटसुद्धा जागा नव्हती.

खालून चतुराबाईंनी हाक दिली, "आबासाहेब, मागनी काय हाय?"

आबासाहेबांनी सुंदररावांकडं पाहिलं. सुंदररावांनी माझ्याकडं. क्विटोचं नाव घ्यायची ही वेळ नव्हती.

"काही न्हाई, आसंच," आबासाहेब म्हणाले.

"आसंच काहून चढताव? घरात माळा न्हाई का?"

गर्दी हसली. ऊन चढलं. आबासाहेबांच्या जिभेला कोरड पडली. त्यांनी घोटभर पाणी मागितलं.

"तुमी पान्याच्या टाकीवरच बसलाव की," चतुराबाई म्हणाल्या. "झाकन उघडा अन् प्या."

सुंदररावांनी खरंच झाकण उघडलं. आतून पारव्यांचा थवा उडाला, आणि आबासाहेबांनी घुमटाला आणखी घट्ट मिठी मारली.

तेवढ्यात तहसीलदार आले. कर्णा तोंडाला लावून त्यांनी अदबीनं विचारलं, साहेब, मागणी सांगा, म्हणजे मला पुढची कारवाई करता येईल. मागणी नसेल तर काय कारवाई करायची, याची त्यांनाही माहिती नव्हती. चतुराबाई कर्ण्यापेक्षा मोठ्यानं ओरडल्या, "म्हना टँकर पायजे! म्हना, मंग उतरवत्याल!"

उतरवतील, हे ऐकताच आबासाहेब म्हणाले, "टँकर!"

आयुष्यात त्यांनी जनतेची मागणी इतक्या कळकळीनं कधी मांडली नव्हती. टँकर जागेवर मंजूर झाला.

उतरवायला नगरपालिकेचा आगीचा बंब आला. जवानांनी आबासाहेबांच्या कमरेला दोर बांधला आणि आडातून पोहरा काढतात तसं, पण उलटं, त्यांना हळूहळू खाली सोडलं. सगळ्यांचे डोळे वर. चतुराबाईंनी तेवढ्यात बंबाचा मागचा कॉक फिरवला. आबासाहेबांचे पाय जमिनीला लागेपर्यंत बायांनी हंडे, घागरी, पिंपं, म्हशीची डोणी, सगळं भरून घेतलं. उंचावरून पाणी कसं आणतात, याचा एवढा चांगला अभ्यास क्विटोतही झाला नसता.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, 'पाण्यासाठी चेअरमन टाकीवर'. टँकर आला. चतुराबाईंनी म्हशीला अंघोळ घातली. पुढचा आठवडाभर टँकर येत राहिला. मग आंदोलनकर्त्यांची तक्रार उरली नाही असा अभिप्राय जाऊन तो बंद झाला. तो अभिप्राय आबासाहेबांकडूनच मागवला होता. ते व्हिसाच्या गडबडीत होते, सही करून मोकळे झाले.

चतुराबाईंनी पदर खोचला आणि स्वतः टाकीकडं निघाल्या. मीही मागं गेलो. शिडी कापलेली होती! पुन्हा असा प्रकार घडू नये म्हणून वरून हुकूम आला होता आणि खालच्या पायऱ्या गॅस कटरनं काढून नेल्या होत्या. उरलेली शिडी दोन पुरुष उंचीवर लोंबत होती. टाकी बांधल्यापासून तिच्यावर सरकारनं एवढं चोख काम कधी केलं नव्हतं.

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी आबासाहेबांना तंदुरुस्त ठरवलं. उन्हात, पाण्याविना, टाकीवर अर्धा दिवस! क्विटो त्यांच्यापुढं काहीच नाही, म्हणाले.

बाजाराच्या दिवशी मी ओट्यावर बसलो होतो. चतुराबाई बाजारातून आल्या. हातात नुसतं दावं होतं. क्षणभर थांबल्या.

"गुरुजी, तुमी इमानानं जानार त्या गावातल्या टाक्यांना शिड्या असत्यात का?"

मी सवयीनं अहवाल आठवून पाहिला. पाणी होतं, डोंगर होते, लोकसहभाग तर पानोपानी होता. शिड्यांचं लिहायचं राहून गेलं होतं.

"बघून आल्यावर सांगतो," मी म्हणालो.

 ओट्यावर वाळत घातलेल्या माझ्या दौऱ्याच्या नव्या स्वेटरकडं त्यांनी एकदा पाहिलं.