अण्णा घोरपड्यांची रास्त किंमत

अण्णा घोरपडे कुणाच्याही घरी गेले की आधी स्क्रू बघतात.

सिंगापुरात, बिशानच्या आमच्या ब्लॉकमध्ये ते माझ्या वरच्याच मजल्यावर, मुलीकडे राहायचे. पहिल्यांदा घरी आले तेव्हा मी म्हटलं, "बसा ना." ते बसले नाहीत. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी आमचा मिक्सर उलटा केला आणि त्याच्या बुडाकडे दुःखानं बघत राहिले.

"खाच बिघडलीय," ते म्हणाले. "कुणीतरी आत हात घातलाय."

तो हात माझाच होता. बायकोला ते तेव्हा कळलं.

अण्णांचं उभं आयुष्य कोल्हापुरात बंदुकांचं दुकान चालवण्यात गेलेलं. त्यातही जुन्या रिव्हॉल्वरची किंमत करावी ती अण्णांनीच, असा त्यांचा लौकिक. काकू गेल्या, दुकान विकलं आणि मुलगी शुभांगी त्यांना इकडे घेऊन आली. देश कुठला, तर जिथं पोराच्या हातातलं खेळण्यातलं पिस्तूल बघूनसुद्धा लोक दचकतात. पट्टीच्या पोहणाऱ्याला वाळवंटात आणून सोडावं, तसं झालं.

पण फोन होता. सांगली-साताऱ्याहून लोक विचारायचे, "अण्णा, आजोबांचं रिव्हॉल्वर विकायचंय, काय सांगू?" आणि अण्णा जिथं असतील तिथून, म्हणजे भर एमआरटीत, इथल्या मेट्रोतसुद्धा, ठणठणीत आवाजात विचारायचे, "रिव्हॉल्वरची नळी आतनं चकचकीत आहे का? घोडा ओढल्यावर चक्री हलते का?" मराठी कुणाला कळत नसलं तरी 'रिव्हॉल्वर' सगळ्यांना कळतं. एकदा शेजारची चिनी मावशी पिशवी उचलून दुसऱ्या डब्यात गेली आणि पुढच्या स्टेशनवर गणवेशातला एक नम्र तरुण अण्णांची वाट बघत उभा होता. शुभांगी ऑफिस सोडून धावत आली. त्या दिवसापासून फोनवर रिव्हॉल्वर म्हणायचं नाही, 'भांडं' म्हणायचं, असा घरात कायदा झाला.

अण्णांनी तो पाळला. परिणाम असा, की गणपतीच्या कार्यक्रमात "सहा खणांचं जुनं भांडं, झाकण घट्ट बसतं" हे त्यांचं फोनवरचं बोलणं ऐकून दोन बायकांनी मिसळणाच्या डब्यासाठी त्यांच्याकडे नावं नोंदवली.

त्यांचा दुसरा ठेवणीतला प्रश्न म्हणजे, "मूळ आहे, की नंतर घासलंय?" जुन्या रिव्हॉल्वरवरचा काळा-निळा मुलामा विटला तरी चालतो, पण हौसेनं तो पुन्हा चढवला की किंमत निम्मी, हा त्यांचा सिद्धान्त. "चेहऱ्यावरचं वय पुसलं की माणूस खोटा वाटतो लेका, तसंच." आमचे मॅनेजर जेवायला आले होते. साठीला टेकलेले, केस मात्र कुळकुळीत. अण्णांनी वाकून नमस्कार केला आणि माझ्या कानात म्हणाले, "नंतरचा मुलामा. निम्मी." अंकल काय म्हणाले, असं मॅनेजरनी विचारलं. मी म्हटलं, आशीर्वाद देतायत.

अशा माणसाकडे मी वैशालीला नेलं. वैशाली आमच्या ओळखीची, इथंच क्लेमेंटी भागात राहून विद्यापीठात संशोधन करणारी. तिचे वडील मिरजेला वारले होते. त्यांच्यामागे एक इंग्रजी बनावटीचं रिव्हॉल्वर राहिलं होतं. परवाना ज्याच्या नावावर तोच गेला, म्हणून ते तिथल्या एका दुकानदाराकडे जमा केलेलं. दुकानदार म्हणत होता, भंगार आहे, मी सांगतो त्या किमतीला द्या. भावाला प्रकरण मिटवायचं होतं. आणि आई काहीच बोलत नव्हती. हो नाही, की नाही नाही. वडील गेल्यापासून ती कशावरच बोलेनाशी झाली होती.

"निदान रास्त किंमत कळली तर तिला नीट विचारता तरी येईल," वैशाली म्हणाली.

भावानं ईमेलनं फोटो पाठवले होते. रविवारी दुपारी माझ्या कॉम्प्युटरवर अण्णांनी ते बघितले. पडद्याला नाक लागेल इतक्या जवळून. मग मागे टेकून म्हणाले, "आईसाहेबांना फोन लाव. मला काही विचारायचंय."

वैशालीनं फोन स्पीकरवर टाकला.

"वहिनी, नमस्कार. मी घोरपडे, कोल्हापूरचा. किंमत करायचीय, म्हणून विचारतो. साहेब ते साफ कधी करायचे?"

पलीकडून बारीक आवाज आला. "रविवारी."

"कुठं बसून?"

"मागच्या पडवीत. माझी जुनी पातळं फाडून न्यायचे."

"तेल कुठलं?"

"शिलाई मशीनचं. माझंच! विचारल्याशिवाय न्यायचे. सगळ्या घराला वास. मी ओरडायची, तर म्हणायचे, मग तूही बस शेजारी, मी तुला ओरडायची संधी देतो." आणि बाई हसल्या. लगेच रडल्या. वैशाली जागच्या जागी उभी राहिली होती.

अण्णांनी त्यांना रडू दिलं. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. साहेब डावखुरे होते का? घेतलं कुणाकडून? बाहेर कधी काढायचे? बाई बोलत राहिल्या. एकदाच शेतात रानडुकरावर झाडलेली गोळी आंब्याला लागली, ते सांगितलं. परत येताना ते आंब्याची माफी मागत होते, तेही सांगितलं. फोनचं कार्ड संपत आलं तेव्हा अण्णा म्हणाले, "वहिनी, मुलामा मूळचा आहे, एकाही स्क्रूला कुणी हात लावलेला नाही. दुकानदार सांगतो त्याच्या दुप्पट, ही रास्त किंमत. विकायचं की मुलाच्या नावावर परवाना काढून ठेवायचं, ते तुम्ही ठरवा."

"विकते," त्या म्हणाल्या. "ते गेले, आता त्याला कोण तेल देणार. पण बरं वाटलं हो. सगळे येऊन विचारत होते, आता काय करणार. ते कसे होते, हे कुणी विचारलंच नाही."

वैशाली डोळे पुसत घरी गेली. मी अण्णांना म्हटलं, "किंमत करायला एवढं सगळं विचारावं लागतं?"

"छे. किंमत पहिल्याच फोटोत कळली होती."

"मग?"

अण्णा खिडकीतून समोरच्या ब्लॉककडे बघत होते. तिथं बांबूंवर कपडे वाळत होते. "आमची सुमन गेली तेव्हा घर भरून माणसं आली. दुकानाचं काय, घराचं काय, सिंगापूरला कधी जाणार, सगळं विचारलं. आता दोन वर्षं झाली. शुभांगीपाशी मी सुमनबद्दल काही बोलायला लागलो की तिला रडू येतं. मग मी बोलत नाही."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "काकू कशा होत्या, अण्णा?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. खरंच विचारतोय, की उगीच, हे जोखत असावेत. मग त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"सुमन ना?" अण्णा म्हणाले. "लेका, ती चिडायची फार छान."