रणपिसेकाकांचा हॉल

रणपिसेकाकांच्या घरी गाणं ऐकायला गेलं की आधी खोकावं लागायचं. चहा नंतर, पाणी नंतर, आधी खोकणं. आपण चपला काढून आत गेलो की काका हात मागे बांधून समोर उभे राहायचे आणि कवायतीच्या मास्तरांसारखे म्हणायचे, "खोकून घ्या. शिंकायचं असेल तर शिंकून घ्या. एकदा सुई टेकली की तुमच्या घशाचा आणि माझा संबंध संपला." मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला खोकला अजिबात येत नव्हता. तरी खोकलो.

"आणखी एकदा," काका म्हणाले. "हा वरवरचा होता."

लालबागची खोली विकून आम्ही भाईंदर पूर्वेला, नवघरात राहायला आलो तेव्हा दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. आम्ही पहिल्या मजल्यावर आणि बरोब्बर आमच्या पायाखाली, तळमजल्यावर, रणपिसेकाका. त्यामुळे त्यांचं संगीत आमच्या घरात कानांऐवजी तळपायांतून शिरायचं. काका सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक होते. नोकरीभर दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतला आणि निवृत्त झाल्यावर तेच काम फुकट करायला लागले. सोसायटीच्या नोटीस बोर्डावरची एकही वेलांटी त्यांच्या लाल पेनातून सुटली नाही.

भाईंदरला घर घेताना लोक विचारतात, पाणी कधी येतं, स्टेशन किती लांब. काकांनी बिल्डरच्या माणसाला काहीच विचारलं नाही. रिकाम्या हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि टाळी वाजवली. मग कोपऱ्यात जाऊन टाळी. मग स्वयंपाकघराच्या दारात. बिल्डरचा माणूस घाबरला. "मच्छर है क्या साहब? खिडकी को जाली लगवा देंगे."

"मच्छर नहीं, हॉल देख रहा हूँ," काका म्हणाले.

अशा टाळ्या वाजवत त्यांनी नवघरातल्या कितीतरी इमारती पालथ्या घातल्या आणि शेवटी आमच्या तळमजल्यावर थांबले. "हा हॉल बोलतो," त्यांनी काकूंना सांगितलं. काकूंनी नळ सोडून बघितला. नळ काही बोलला नाही. पण तोवर काकांनी होकार देऊन टाकला होता.

त्या बोलक्या हॉलमध्ये सोफा नव्हता. तिथे दोन सिमेंटचे पाइप होते, गटाराला घालतात तसले, छातीइतके उंच, आणि त्यांच्या तोंडात बसवलेले स्पीकर. लाकडाचं खोकं थरथरतं, सिमेंट थरथरत नाही, हा काकांचा सिद्धान्त. पाइप टेम्पोतून उतरले तेव्हा खालच्या किराणा दुकानातले शाहभाई बाहेर आले. "रणपिसेभाई, गटर का काम आपको मिला क्या?" काका कधी कुणावर चिडत नसत, पण त्या महिन्याचं वाणसामान त्यांनी दुसऱ्या दुकानातून आणलं.

शिवाय रेकॉर्ड प्लेअर होता, तापला की पापड भाजून निघेल असा काचेच्या वॉल्व्हचा अॅम्प्लिफायर होता, मोठ्या चक्रांचा स्पूल टेपरेकॉर्डर होता आणि भिंतभर रेकॉर्डी नि टेपा. टेपांमध्ये काकांचा जीव. तरुणपणी मुंबईत चाळींच्या पटांगणांत शाहिरी जलसे व्हायचे, ते त्यांनी हे टेपरेकॉर्डरचं धूड खांद्यावरून नेऊन स्वतः रेकॉर्ड केले होते. "हे बाजारात मिळत नाही, सावंत," ते म्हणायचे. "हे फक्त आपल्या इमारतीत मिळतं." आपल्या घरात नव्हे, आपल्या इमारतीत. ते ऐकून मलाही उगाच ताठ बसावंसं वाटायचं.

बसायला खुर्ची एकच, दोन्ही पाइपांच्या मध्ये, फरशीवर खडूनं खूण केलेल्या जागी. पाहुण्याला तिथे बसवायचं आणि काका स्वतः दाराशी स्टुलावर. गाणं संपलं की प्रश्न यायचा, "डावीकडून काय आलं?" मी म्हणायचो, "तबला." "आणि?" "बहुतेक... बासरी?" "बहुतेक नको. नीट ऐकून सांगा." मला वाटायचं, ही परीक्षा आहे. मी ऑफिसातून दमून येऊन या माणसाकडे नापास व्हायला का जातो, असंही वाटायचं. मग एकदा काकूंनीच बोलता बोलता सांगितलं की काकांचा डावा कान लहानपणी फुटला होता, गावी औषधपाणी झालं नाही, तेव्हापासून त्या बाजूनं काही ऐकू येत नाही. ते परीक्षा घेत नव्हते, खरोखरच विचारत होते. त्यानंतर मी डावीकडचं सगळं लक्ष देऊन ऐकायला लागलो आणि तपशीलवार सांगायला लागलो. काका मान डोलवायचे, "वाटलंच होतं मला."

त्यांचा मुलगा मिलिंद कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. त्याने एकदा दीडशे गाण्यांची एमपीथ्री सीडी आणली. काकांनी ती दोन बोटांत धरून उजेडात बघितली. "एवढी गाणी एका चकतीवर? बसतात कशी?"

"दाबून बसवतात, बाबा."

"आयुष्यभर आपल्याला दाबलं, ते कमी होतं का? निदान गाणं तरी मोकळं राहू दे." आणि ती सीडी त्यांनी गॅलरीत कबुतरं हाकलायला टांगली. कबुतरं मात्र खरंच गेली. काकांनी तेही आपल्या मताच्या बाजूनं धरलं.

मग मिलिंदचं लग्न झालं. सून वैशाली, नांदेडकडची. बी. ए. झालेली, कमी बोलणारी. बेडरूम नव्या जोडप्याला गेली आणि काका-काकू हॉलमध्ये, दोन पाइपांच्या मध्ये पाय करून झोपायला लागले.

एका रविवारी सकाळी मी रीतसर खोकून खुर्चीत बसलो होतो. रेकॉर्ड संपली तसे काका पाणी आणायला आत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. मी डोकावलो. स्वयंपाकघरात गॅसच्या सिलिंडरला टेकून वैशाली पुस्तक वाचत बसली होती आणि तिच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते. काका तिच्यासमोर जाऊन उभे राहिले तेव्हा ती दचकून उठली.

"काय वाचतेस?"

"काही नाही, मामा." त्यांच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात.

"काही नाहीचं एवढं जाड पुस्तक असतं?"

ती खाली बघत म्हणाली, "स्पर्धा परीक्षेचं आहे. लग्नाआधी एकदा बसले होते. आता असंच आपलं, सवय म्हणून. तुम्ही ऐका ना मामा, मला काही त्रास नाही."

"मग कापूस कशाला?"

तिनं बोळे काढून मुठीत लपवले. काका बाहेर आले. मशीनचा स्विच बंद केला. कपाटातून दोन चादरी काढल्या आणि प्लेअर, अॅम्प्लिफायर, टेपरेकॉर्डर सगळं झाकून टाकलं. मग माझ्याकडे वळले. "सावंत, जरा उठा. ही खुर्ची लागणार आहे."

दुपारपर्यंत दोन पाइपांच्या मध्ये टेबल आलं होतं आणि टेबलावर वैशालीची पुस्तकं.

त्यानंतर आमच्या इमारतीवर जे राज्य आलं, त्याला शांततेची आणीबाणीच म्हणायला हवं. माझ्या बायकोला काका येऊन सांगून गेले, "वहिनी, डाळ आधी भिजत घाला. शिट्ट्या कमी लागतात." मुलांना क्रिकेटसाठी प्लॅस्टिकचा चेंडू आणून दिला. शाहभाईंच्या दुकानातल्या टीव्हीपाशी जाऊन म्हणाले, "शाहभाई, मॅच देखो. लेकिन सुनो मत. क्रिकेट देखने की चीज है." शाहभाईंनी आवाज बंद केला आणि वर विचारलं, "बेटी का एक्झाम कब है?" नवरात्रात समोरच्या मैदानात भिंतीएवढे बॉक्स लागले, तेव्हा आम्हाला वाटलं, आता भांडण होणार. काका गेले, पोरांशी गप्पा मारल्या, त्यांची वायरिंग सुधारून दिली आणि बोलता बोलता सगळे बॉक्स उलट्या तोंडाला फिरवले. "खाडीला ऐकू दे," मला म्हणाले. "तिला परीक्षा नाही."

स्वतः ते संध्याकाळी मिठागरांच्या बाजूला फिरायला जायला लागले. एकदा मी म्हटलं, "आमच्याकडे या. छोटा टेप आहे, हळू आवाजात ऐकू."

"नको. तिला घरात बसवून बाहेर जाऊन ऐकलं, तर ते चोरून खाल्ल्यासारखं होईल."

पहिल्या वर्षी वैशाली मुख्य परीक्षेत थोडक्यात राहिली. निकालाच्या दिवशी तिनं टेबलावरची पुस्तकं आवरली आणि चादरीला हात घातला. "मामा, आता मशीन लावा. माझ्यापायी तुमचं घर मुकं झालंय."

काकांनी चादर तिच्या हातातून काढून घेऊन परत नीट पसरली. "मशीनचं मी बघतो. तू पुस्तकाचं बघ."

दुसऱ्या पावसाळ्यात काकूंनी मला हाक मारली. वैशाली क्लासला गेली होती, काका फिरायला. काकूंनी चादरीचं टोक उचललं. "भाऊ, हे बघा." तळमजल्याची ओल आणि खाडीची खारट हवा. टेपांच्या कडांवर पांढरी बुरशी चढली होती. मशीनमधला रबरी पट्टा वापराविना विरघळून डांबरासारखा चिकट झाला होता. मी तसाच मिठागराकडे गेलो. काका बांधावर बसले होते.

"काका, आठवड्यातून एकदा तरी मशीन फिरवा. सगळं चाललंय हो."

"माहीत आहे."

"मग तिला सांगा. ती नाही म्हणणार नाही."

"म्हणूनच सांगत नाही," काका म्हणाले. "एकदा लावलं की ती पुस्तक मिटणार. म्हणणार, मामा ऐकतायत, ऐकू दे. रोज मिटणार. तशीच आहे ती." मग म्हणाले, "तिला बोलू नका हां, सावंत. तुम्हाला शपथ वगैरे घालत नाही. नुसतं सांगतोय."

मी तिला बोललो नाही.

पुढच्या वर्षी निकाल लागला. वैशाली तहसीलदार झाली. आमच्या इमारतीत तोवर कुणाच्या ओळखीचा तलाठीसुद्धा नव्हता. शाहभाईंनी दुकान अर्धं बंद करून पेढे आणले, वरच्या मजल्यांवरून माणसं उतरली, बुद्धवंदना झाली आणि हॉलमध्ये उभं राहायला जागा उरली नाही. कुणीतरी ओरडलं, "काका, आता लावा!" सगळेच ओरडायला लागले. वैशाली स्वतः म्हणाली, "मामा, लावा ना. तुमचे जलसे लावा."

काकांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग चादर काढली. टेपांतली एक बऱ्यापैकी दिसणारी निवडून चढवली आणि बटण दाबलं. चक्र अर्धवट फिरलं, अडलं, पुन्हा फिरलं. पाइपांतून डफासारखं काहीतरी खोलवर वाजलं आणि खरखरीत बुडालं. टेपेवरून तपकिरी भुकटी खाली गळली. मशीन थांबलं. आपल्या इमारतीत मिळणारी गोष्ट आता आपल्या इमारतीतही मिळणार नव्हती.

"काही नाही, जुनं झालंय," काका म्हणाले. "पेढे घ्या सगळ्यांनी."

वैशाली खाली बसली. तिनं ती भुकटी बोटावर घेतली, मग दुसरी टेप उघडली, मग तिसरी. "मामा, हे कधीपासून?"

काका लाल पेन खिशात शोधत असल्यासारखे खिसे चाचपत राहिले. काकूच म्हणाल्या, "तू टेबलाशी बसलीस तेव्हापासून हात लावला नाही त्यांनी."

ती रडायला लागली. भरल्या घरात, पेढ्यांच्या मधोमध, लहान मुलीसारखी. काका गडबडले. हॉलमधल्या, दारातल्या माणसांना विसरून ते तिच्याशेजारी फरशीवर बसले.

"अगं, रडतेस काय? तहसीलदार रडतात का? या टेपांत काय होतं, सांगू? पटांगणात बत्तीखाली उभं राहून ते शाहीर घसा फोडून काय सांगत होते? शिका, हेच सांगत होते. मी मशीन घेऊन समोर बसायचो, सगळं टेप करायचो आणि घरी येऊन डोलायचो. माझं शिक्षण राहिलं ते राहिलंच. तू ऐकलंस. टेप ज्याच्यासाठी होती, त्याच्यापर्यंत पोचली. आता भुकटी झाली तर होऊ दे."

शाहभाईंना मराठी बेताचंच येतं. पण पेढ्यांचा डबा खाली ठेवून त्यांनीही डोळे पुसले.

टेपांपैकी थोड्या वाचल्या. मी आणि मिलिंदनं दादरचा एक जुना कारागीर शोधून त्या दुसऱ्या टेपांवर उतरवून घेतल्या. रेकॉर्ड प्लेअर नव्या पट्ट्यावर चालू झाला. वैशालीला मराठवाड्यातला एक तालुका मिळाला, मिलिंदनं औरंगाबादला नोकरी बघितली, आणि तळमजल्यावर काका-काकू दोघंच उरली. बेडरूम रिकामी झाली, तरी ती दोघं झोपायची हॉलमध्येच.

मध्यंतरी एका संध्याकाळी मी खाली गेलो. काकांनी त्यांची सगळ्यात आवडती रेकॉर्ड लावली होती. गाणं ऐन रंगात होतं, काकांचे डोळे मिटलेले. तेवढ्यात फोन वाजला. काका ताडकन उठले, सुई उचलून बाजूला ठेवली आणि रिसीव्हर उजव्या कानाला लावला.

"हं. बोल. हं... मग त्या सरपंचाला काय म्हणालीस?... बरं केलंस. लेखी दे त्याला, लेखी... जेवलीस का?"

बराच वेळ ते नुसतं ऐकत राहिले. फोन ठेवला तेव्हा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता.

"गाणं मध्येच तोडलंत, काका."

"गाणं काय, पुन्हा लावता येतं," ते म्हणाले, आणि स्टूल माझ्याजवळ ओढून बसले. "ऐका. आपल्या तालुक्यात यंदा टँकर वेळेवर येतायत."

मग ते मला आपल्या तालुक्यातल्या विहिरी, रस्ते आणि सरपंच सांगत बसले. रेकॉर्ड नुसतीच फिरत होती. शेवटी काकूंनी चहा आणून ठेवला आणि जाता जाता बटण बंद केलं.