सूचना क्रमांक तीन

तिसऱ्या दिवशी सकाळीही सासूबाईंची बॅग नव्या घराच्या दारातच उभी होती. "न्हाणीघरात गरम पाणी आलं की बॅग उघडीन," असं त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं होतं. त्यांचे गुडघे दुखरे, बाहेर थंडीचा कडाका, आणि घरातला बॉयलर ढिम्म हलायला तयार नाही. खरं तर हे घर घेतलं होतं तेच मुळी त्यांना कायमचं आपल्याकडे आणायचं म्हणून. आता अकरा वाजता त्यांची धाकटी लेक त्यांना न्यायला गाडी घेऊन येणार होती. आपल्याकडे चोवीस तास गरम पाणी असतं, हे धाकटी फोनवर आधी सांगायची आणि मग तब्येत विचारायची.

जावयांचा धंदा यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिण्याचा. मिक्सर असो की पाण्याचा पंप, त्यांची प्रत्येक सूचना 'कृपया' या शब्दाने सुरू व्हायची. त्यामुळे कचेरीत त्यांचं नाव कृपयाराव पडलं आणि तिथून ते चालत घरापर्यंत आलं. यंत्र कधीच चुकत नाही, वाचणारा चुकतो, असं त्यांचं ठाम मत होतं. मेकॅनिक बोलवू या, असं बायकोने पहिल्याच दिवशी सुचवलं, तर त्यांना तो व्यवसायाचा अपमान वाटला.

बॉयलर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात होता, माणसाएवढा उंच, जागोजाग रंगाचे पोपडे उडालेला. घराच्या आधीच्या मालकीणबाई निवृत्त मुख्याध्यापिका. जाताना त्यांनी बॉयलरवर चार ओळींची चिठ्ठी चिकटवून ठेवली होती. गॅसचा नळ उघडा. लाल कळ दाबून धरा, लहान ज्योत दिसेल. मग जरा कळ काढा. धप्प आवाज झाला की पाणी तापू लागेल. अक्षर मोत्यासारखं होतं, सूचनांना क्रमांक होते. कृपयारावांनी मनातल्या मनात बाईंना पैकीच्या पैकी गुण दिले. बायको चिठ्ठी वाचायला पुढे आली, तेव्हा सूचना हे आपलं क्षेत्र आहे, असं सांगून त्यांनी तिला परत पाठवलं.

पहिल्या दिवशी त्यांनी नळ उघडला, कळ दाबून धरली, ज्योत दिसली. मग सूचना क्रमांक तीनप्रमाणे कळ धरून बाहेर ओढली. ज्योत विझली. असं सतरा वेळा झालं.

दुसऱ्या दिवशी 'जरा' या शब्दावर विचार झाला. आपण कमी ओढतोय की जास्त, हे ठरेना. मग पक्कड आली. कळ बुडासकट हातात आली, तिच्यामागची स्प्रिंग उडून कणकेच्या डब्यात पडली, आणि सूचना क्रमांक तीन पूर्ण झाल्याचं कृपयारावांनी जाहीर केलं. पाणी मात्र बर्फासारखंच होतं. शेवटी मेकॅनिक आला. कळ कोणी उपटली, असं त्याने विचारलं. तसं लिहिलंच आहे, असं कृपयारावांनी ठणकावून सांगितलं. त्याने मुकाट्याने कळ आणि स्प्रिंग जागेवर बसवली, पेटवून न बघताच यंत्राचं वय झालंय, नवीन यायला पंधरा दिवस लागतील, असं म्हणाला आणि गेला. त्या संध्याकाळी बायकोचे डोळे भरून आले.

आणि आता तिसरा दिवस, दहा वाजून पाच मिनिटं. कृपयाराव पुन्हा बॉयलरसमोर उभे होते. मागे खुर्चीत सासूबाई दोन शाली पांघरून बसल्या होत्या.

"चष्मा नाहीये माझा," त्या म्हणाल्या. "मोठ्यांदा वाचा बघू काय लिहिलंय ते."

कृपयारावांनी वाचलं. तिसऱ्या ओळीशी सासूबाईंनी हात वर केला.

"हे परत वाचा."

"मग जरा कळ काढा."

"मग काढा की."

"काढली, तर हातात येते."

सासूबाई शाली सावरत पुढे झुकल्या. "जावईबापू, माझी लेक पहिल्या खेपेला अडली होती, तेव्हा दवाखान्यात सुईण तिला काय म्हणत होती?"

"जरा कळ काढ, म्हणत होती."

"तेव्हा तिने काय उपटलं होतं?"

दारात उभ्या असलेल्या बायकोने तोंडाला पदर लावला, पण हसू बाहेर आलंच. कळ काढणं म्हणजे दम धरणं, हे कृपयारावांना ठाऊक नव्हतं असं नाही. सूचना लिहिणारा कोणी माणसासारखा बोलेल, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"पण किती वेळ?" त्यांनी विचारलं. "बाईंनी सेकंद लिहायला हवे होते."

"धप्प होईपर्यंत," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी कळ दाबली. ज्योत दिसली. यावेळी त्यांनी ओढलं नाही, सोडलं नाही, नुसतं दाबून धरलं. मिनिट गेलं. अंगठ्यातून कोपरापर्यंत कळा येऊ लागल्या आणि तीही कळ त्यांनी काढली. बायको घड्याळाकडे बघत होती, सासूबाई बॉयलरकडे. मग आतून धप्प असा आवाज झाला, निळ्या ज्वाळांची रांग पेटली आणि नळीतून गुरगुर सुरू झाली.

साडेदहाला न्हाणीघरातून वाफ येऊ लागली. बायकोने सगळ्यांदेखत नवऱ्याचा सुजलेला अंगठा हातात घेतला. सासूबाई आंघोळीला गेल्या आणि आतून त्यांचं गुणगुणणं ऐकू यायला लागलं. कृपयारावांनी पेन घेतलं आणि चिठ्ठीतल्या तिसऱ्या ओळीच्या आधी एकच शब्द वाढवला: कृपया.

अकराला धाकटी आली. "चल आई, गाडी खाली उभी आहे," म्हणत तिने बॅग उचलायला चांगला जोर लावला. बॅग अशी काही झटक्यात वर आली की धाकटी मागच्या मागे भिंतीला टेकली.

"आई, ही तर रिकामी आहे. तुझे कपडे कुठायत?"

"कपाटात. पहिल्याच दिवशी लावले," केस पुसत सासूबाई म्हणाल्या.

"मग ही दारात कशाला?"

"ती दारात होती म्हणून तर बॉयलर पेटला," सासूबाई म्हणाल्या. "आता माळ्यावर टाका."