नेट नसलं तरी चालणारा दवाखाना

ताईच्या दातांच्या दवाखान्याला मी असं ॲप करून दिलं होतं, की मोठमोठ्या इस्पितळांनी तोंडात बोटं घालावीत. खरं तर ती वेबसाइटच. पण पेशंटच्या फोनवर तिचं चिन्ह बसायचं. स्टोअरमधून उतरवायला नको, जागा खायला नको. पहिल्यांदा उघडताच पानं फोनमध्ये साठवून ठेवायची. पुढे नेट गेलं तरी पत्ता, वेळा, सगळं झटक्यात समोर!

वेटिंग रूममध्ये बसून तीनशे पेशंटच्या फोनवर मी ते स्वतःच्या हाताने बसवलं. दात दुखणारा माणूस नाही म्हणायच्या स्थितीत नसतो.

मग अकरा वर्षं भाड्याच्या जागेत काढून ताईने ती सोडली. चौकापलीकडे स्वतःचा दवाखाना, नव्या नावाने. पेशंटची यादी काढून ती फोनजवळ बसली.

"सगळ्यांना नवा पत्ता कळवते."

"फोन करून? कुठल्या जमान्यात आहेस, ताई? मी आहे ना."

मी नवी साइट केली. जुनी बंद केली, तिचा वेबपत्ताही सोडून दिला. साइट गेली की ॲपही जाईल आणि लोक आपोआप नवी शोधतील, असा माझा अंदाज.

पहिल्या आठवड्यात नव्या दवाखान्यात दोघं आले. एक मी, दुसरा पंखा बसवणारा.

"अरे, तुझं ते ॲप नक्की काय दाखवतंय?"

मी फोन काढला. ॲप झटक्यात उघडलं. जुना पत्ता, जुन्या वेळा, ताईचा हसरा फोटो. नेट नसलं तरी चालणारं ॲप साइट नसली तरी चालत होतं. नवं काही आलंय का, हे ते बिचारं विचारत राहायचं; उत्तर द्यायला तिकडे मी कुणी ठेवलंच नव्हतं. जुन्या जागेत दुसरे डॉक्टर आले होते, तेही दातांचेच. सुजलेला गाल धरून आलेला माणूस दारावरची पाटी वाचत नाही. आणि एकदा दाताला हात लागला, की तो डॉक्टर बदलत नाही.

"यादी दे, मी आत्ता सगळ्यांना फोन करतो."

"यादी तूच फाडलीस. कागद कशाला, म्हणालास."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सहा महिने तिने रिकामी खुर्ची पुसली, मग दवाखाना बंद केला. आता त्याच डॉक्टरांकडे नोकरीला आहे. जुन्याच जागेत, जुन्याच वेळांत.

माझ्या ॲपमध्ये सध्या एकही चूक नाही.